एअरबस की बोइंग? आधी तारीख विचारा, मग इंजिन

प्रश्न कोल्हापूरच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे. "सर, इंडिगोकडे जवळजवळ सगळी एअरबस ए३२० कुटुंबातली विमानं, आकासाकडे सगळी बोइंग ७३७ मॅक्स, आणि एअर इंडियाने तर एकाच दिवशी दोघांच्याही ऑर्डरी जाहीर केल्या. मग यांतलं चांगलं विमान कोणतं? कंपन्या ठरवतात कशाच्या जोरावर? आणि यांतलं एकही आमच्या कोल्हापूरला का येत नाही?"

कोल्हापूरचं शेवटी बघू. आधी चांगलं कोणतं ते. दोन्ही चांगली आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न कंपनीच्या मीटिंगमध्ये फारसा कुणी विचारत नाही. मी सत्तावीस वर्षं या धंद्यात काढली. पहिली बारा हँगरमध्ये हात काळे करत, उरलेली फ्लीट प्लॅनिंगच्या, म्हणजे कुठली आणि किती विमानं घ्यायची ते ठरवणाऱ्या खात्याच्या, एसी खोलीत. दोन वेगळ्या कंपन्यांत नॅरो-बॉडीची, म्हणजे मधे एकच वाट असलेल्या अशा विमानांची, निवड जवळून पाहिली, एकदा तर तक्ते मीच केले होते. दोन्ही वेळा विमानावर जेवढी चर्चा झाली, त्याच्या तिप्पट चर्चा विमान कधी मिळणार आणि बंद पडलं तर कोण सोडवणार यावर झाली.

सुरुवात नेहमी सारखीच असते. दोन्हीकडचे विक्रेते येतात, आणि ज्याच्या-त्याच्या सादरीकरणात त्याचंच विमान जिंकतं. त्यात कुणी खोटं बोलत नाही. एकाने १८० खुर्च्या धरलेल्या असतात, दुसऱ्याने १८९. एकाने दोन तासांचा मार्ग घेतलेला असतो, दुसऱ्याने चार तासांचा. आपलं काम एवढंच की दोघांचे आकडे बाजूला ठेवायचे आणि आपले मार्ग, आपल्या खुर्च्या, आपला उन्हाळा घालून हिशोब नव्याने मांडायचा. तो मांडला की इंधनाच्या खर्चात दोघांमध्ये जेमतेम एखाद-दोन टक्क्यांचा फरक उरतो.

हा एक टक्का म्हणजे नेमका किती, ते एकदा कागदावर मांडून बघ. ए३२० निओ, म्हणजे नव्या इंजिनांचं ए३२०, तासाला साधारण २.३ टन इंधन पितं असं धर. रोज बारा तास उडालं तर दिवसाला २७-२८ टन, वर्षाला दहा हजार टनांच्या आसपास. त्याचा एक टक्का म्हणजे १०० टन, सुमारे १२५ किलोलीटर. किलोलीटरला ९० हजार रुपये धरले तर एका विमानामागे वर्षाला सव्वा कोटीच्या थोडं खाली. आता दुसरी बाजू बघ. नव्या विमानाचं भाडं हिशोबापुरतं महिन्याला ४ लाख डॉलर धर, डॉलर ८५ रुपयांना. महिन्याचे ३ कोटी ४० लाख होतात, दिवसाचे ११ लाखांच्या वर. म्हणजे विमान दहा दिवस जमिनीवर उभं राहिलं की वर्षभर वाचवलेला तो एक टक्का निव्वळ भाड्यात गेला. बुडालेली तिकिटं, पगार, रद्द उड्डाणांचा परतावा यात धरलेलाच नाही.

हे गणित डोक्यात बसलं की ब्रोशर वाचायची पद्धतच बदलते. कमी इंधन पिणारं विमान हवंच, पण त्याआधी न थांबणारं हवं. आणि विमान थांबतं ते बहुतेक वेळा इंजिनामुळे.

आता दोन विमानांमधला खरा फरक, जो तुला इंजिनीअर म्हणून आवडेल. ७३७ पहिल्यांदा उडालं एप्रिल १९६७ मध्ये. त्या काळी लहान विमानतळांवर सामान चढवायची साधनं नसायची, म्हणून ते मुद्दाम जमिनीच्या जवळ ठेवलं. आजही ७३७ च्या पोटाचं दार लोडरच्या छातीच्या उंचीला येतं. ए३२० वीस वर्षांनी, फेब्रुवारी १९८७ मध्ये उडालं आणि सुरुवातीपासूनच उंच पायांवर उभं आहे. इंजिनाचा पंखा जितका मोठा, तितकं इंधन कमी लागतं. ए३२० निओच्या लीप-१ए इंजिनाचा पंखा ७८ इंचांचा आहे, प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअरवाल्या इंजिनाचा ८१ इंचांचा. ७३७ च्या पंखाखाली एवढी जागाच नाही. म्हणून मॅक्सच्या लीप-१बी चा पंखा ६९ इंचांवर थांबला, आणि तोही बसवायला इंजिन पुढे आणि वर सरकवावं लागलं. त्यामुळे विमानाच्या नाकाची वागणूक बदलली, ती सावरायला एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर घातलं, आणि पुढचं जगाला माहीत आहे: ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधले दोन अपघात, ३४६ बळी. साठच्या दशकात सामान चढवायच्या सोयीसाठी घेतलेला एक निर्णय पन्नास वर्षांनी कुठे येऊन ठेपला, बघ.

पंखा लहान असूनही मॅक्स इंधनात फार मागे पडत नाही, कारण ७३७ चं धड अरुंद आहे आणि विमान वजनाला हलकं. प्रवाशाला मात्र ए३२० चं केबिन अर्ध्या फुटाने रुंद मिळतं. ते मधल्या खुर्चीवर बसलेल्याला कळतं, तिकीट काढताना कुणी बघत नाही.

बोइंग घेतलं की इंजिन एकच, लीप-१बी. एअरबस घेतलं की दोन पर्याय: सीएफएमचं लीप किंवा प्रॅटचं गिअर्ड टर्बोफॅन. दोन पर्याय म्हणजे घासाघीस करायला जागा, म्हणून खरेदी खात्याला एअरबस आवडतं. पण पर्याय असणं म्हणजे चुकायचीही सोय असणं.

इंडिगोने २०११ मध्ये १८० विमानांची ऑर्डर दिली. त्यातली बहुतेक निओ होती, आणि निओंसाठी प्रॅट निवडलं. मुंबईच्या गोएअरनेही, म्हणजे पुढच्या गो फर्स्टने, निओसाठी प्रॅटच घेतलं. कागदावर ते इंजिन झकास होतं आणि निर्णय त्या वेळी वेडेपणाचा मुळीच नव्हता. हे आवर्जून लिहितो, कारण मागाहून शहाणे होणारे पुष्कळ भेटतात. मार्च २०१६ मध्ये इंडिगोचं पहिलं निओ आलं. सुरुवातीला तक्रार एवढीच होती की इंजिन चालू व्हायला वेळ लागतो, आतला दांडा गरम असताना किंचित वाकतो म्हणून काही मिनिटं नुसतं फिरवत ठेवावं लागतं. मग मागच्या सीलची भानगड निघाली, आणि मार्च २०१८ मध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्या हवाई नियामकाने, इंडिगो आणि गोएअरची मिळून ११ विमानं एका फटक्यात जमिनीवर उतरवली. मग इंजिनाच्या मागच्या भागातल्या लो-प्रेशर टर्बाइनच्या तिसऱ्या पायरीतल्या पात्यांची. २०१९ च्या शेवटी डीजीसीएने इंडिगोला जुनी इंजिनं बदलण्यासाठी तारखा घालून दिल्या. आणि हे निस्तरतंय तोवर जुलै २०२३ मध्ये कळलं की काही वर्षांत बनलेल्या इंजिनांतल्या, पाती बसवायच्या चकत्यांसाठी वापरलेल्या धातूच्या पावडरमध्येच दोष आहे. ६००-७०० इंजिनं पंखावरून उतरवून तपासायची वेळ आली.

इंडिगो तरलं, गो फर्स्ट बुडालं. विमान तेच, इंजिन तेच, देश तोच. इंडिगोने जून २०१९ मध्येच पुढच्या २८० विमानांसाठी सीएफएमला २० अब्ज डॉलरच्या वरची ऑर्डर देऊन टाकली होती, त्यामुळे दुसऱ्या इंजिनाची विमानं दर महिन्याला येत राहिली. जुन्या ए३२० ची भाडेपट्टी वाढवली, बाहेरून विमानं वैमानिकांसकट आणली. यातली गंमत म्हणजे दोह्याच्या मार्गावर कतार एअरवेजची ७३७ मॅक्स इंडिगोच्या नावाने उडत होती. अख्खी कंपनी एअरबसची, आणि गरजेला बोइंग! गो फर्स्टकडे असा आडोसा नव्हता. जवळजवळ निम्मी विमानं उभी राहिली, तिकिटांचे पैसे थांबले, भाडं थांबलं नाही. २ मे २०२३ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशीपासून विमान उडालं नाही.

इंजिन काढलेलं विमान कधी जवळून पाहिलं आहेस का? पंखाखालच्या पायलॉनला, म्हणजे इंजिन टांगायच्या खांबाला, इंजिनाच्या जागी वजनं टांगतात, नाहीतर पंखाचा तोल जातो. चाकांना आच्छादनं, खिडक्यांवर चंदेरी पत्रे, नळ्यांच्या तोंडांना लाल फिती. मुंबईच्या पावसात दर आठवड्याला कुणीतरी जाऊन चाकं थोडी फिरवतं, टायर एकाच जागी चपटे होऊ नयेत म्हणून. आणि या ठोकळ्याचं दिवसाचं भाडं अकरा लाख.

आता माझा स्वतःचा एक प्रसंग. कंपनीचं नाव नको, इंजिनाचंही नको. पावसाळा, रात्रीचा दीड, मुंबईचं हँगर. पहाटे पावणेसहाला जाणाऱ्या विमानाची ठरलेली बोरस्कोप तपासणी चालू होती. इंजिनाच्या अंगावरची एक छोटी टोपी काढून आत कॅमेऱ्याची लवचिक नळी सोडतात. माझा सहकारी पडद्यासमोर, अंगठा जॉयस्टिकवर. दुसरा मुलगा पलीकडच्या बाजूने इंजिन हाताने हळूहळू फिरवतोय. एकेक पातं पडद्यावरून सरकतं आणि आम्ही मोजतोय. तिसाच्या पुढे कुठेतरी सहकारी म्हणाला, "थांब. मागे घे जरा." पात्याच्या कडेला मिठाच्या कणाएवढा एक पांढरट ठिपका, लेप उडालेला. मोजला, मॅन्युअलच्या मर्यादेच्या जेमतेम आत होता. म्हणजे उडायला हरकत नाही, पण पुढची तपासणी महिन्याने होणार होती ती आता काही दिवसांवर आली. तेवढ्यात ऑपरेशन्सचा फोन: "किती वाजता मिळेल?" मिळालं, वेळेवर मिळालं. पण त्या रात्रीपासून त्या विमानाचं वेळापत्रक आमच्या हातात राहिलं नाही, ते त्या ठिपक्याच्या हातात गेलं. पाच आठवड्यांनी इंजिन उतरवलं. इंजिन दुरुस्तीच्या शॉपमध्ये रांग होती, आणि सुट्या इंजिनांचा आकडा आम्ही करारात एकाने कमी लिहून घेतला होता. त्या एकाचे वाचवलेले पैसे किती होते ते मला अजून पाठ आहे.

तर इंजिनाच्या करारात मी आता काय बघतो? तासाला किती पैसे भरायचे हे सगळेच बघतात. मी बघतो सुटी इंजिनं किती आणि कुठे ठेवणार, शॉपमधून परत यायला ठरल्यापेक्षा उशीर झाला तर भरपाई कोण देणार, आणि आपल्या हवेला ते इंजिन किती तास टिकलंय. ब्रोशरमधले तास थंड युरोपातले असतात. दिल्लीची धूळ, आखाती विमानतळांची वाळू, मुंबई-गोवा-चेन्नईची खारी हवा यांत तेच पातं लवकर थकतं. हे फक्त प्रॅटचं नाही. लीपच्या गरम भागालाही उष्ण आणि धुळीच्या प्रदेशात लवकर दुरुस्ती लागायची, म्हणून सीएफएमने लीप-१ए साठी सुधारित भाग आणले, त्यांना २०२४ च्या अखेरीस मान्यता मिळाली. गरम देशात चालवणाऱ्याने गरम देशातल्याच दुसऱ्या ऑपरेटरला फोन करायचा. ती माहिती चहाच्या एका कपात मिळते.

आता तारीख. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आकासाने ७२ मॅक्सची ऑर्डर दिली, पहिलं विमान जून २०२२ मध्ये आलं, आणि ७ ऑगस्ट २०२२ ला मुंबई-अहमदाबाद उडालं. ऑर्डरपासून विमानापर्यंत सात-आठ महिने! एअरबसकडे त्या वेळी नव्या गिऱ्हाइकाला एवढ्या लवकर कुणी उभंही केलं नसतं. बोइंगकडे मॅक्सवरच्या बंदीच्या काळात बनून पडलेली विमानं होती, भारतात नवा घरोबा हवा होता, आणि मॅक्सवरची आपल्याकडची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये नुकतीच उठली होती. शिवाय जेट एअरवेज २०१९ मध्ये बंद पडल्याने ७३७ चे अनुभवी वैमानिक आणि इंजिनीअर मोकळे होते. भाव काय मिळाला ते बाहेरच्याला कळत नाही, पण अडलेल्या दुकानदाराकडे रोख घेऊन गेलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येत नाही. माझ्या मते त्या वेळी, त्या जागी, तो निर्णय बरोबर होता.

पण तारीख दोन्ही बाजूंनी कापते. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या ७३७-९ चं दाराच्या जागी बसवलेलं झाकण हवेत उडालं. अमेरिकी नियामकाने मॅक्सचं उत्पादन महिन्याला ३८ वर बांधलं, आणि त्याच वर्षी शरद ऋतूत बोइंगच्या कामगारांचा सात आठवड्यांहून जास्त संप झाला. आकासाने विमानं येणार म्हणून वैमानिक घेऊन ठेवले होते. वैमानिक आले, विमानं आली नाहीत. एअरबसही काही शहाजोग नाही, तिथली रांग पुढच्या दशकापर्यंत गेली आहे. म्हणूनच इंडिगोने जून २०२३ मध्ये पॅरिसला एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली, तेव्हा "एवढी विमानं उडवणार कुठे?" असं विचारणाऱ्यांना रांगेतल्या जागेची किंमत कळलेली नव्हती. २०३० नंतरच्या विमानांचे नंबर आज लावून ठेवणं म्हणजे मुंबईत भविष्यात लागणारा प्लॉट आत्ताच घेऊन ठेवण्यासारखं आहे.

एअर इंडियाने दोन्ही का घेतली, हेही यातूनच सुटतं. १४ फेब्रुवारी २०२३ ला जाहीर झालेल्या ४७० विमानांत २१० ए३२० निओ कुटुंबातली आणि १९० मॅक्स होती. एवढी नॅरो-बॉडी विमानं हव्या त्या वेळात एकटी कुठलीच कंपनी देऊ शकत नव्हती. शिवाय समूहात एअर इंडिया एक्स्प्रेस आधीपासून ७३७-८०० चालवत होती, आणि एअर इंडिया, विस्तारा, एअरएशिया इंडिया ए३२०. त्यामुळे वैमानिक आणि हँगर दोन्हीकडचे होते. एक्स्प्रेसला लवकर मिळालेली पुष्कळ मॅक्स मुळात चिनी कंपन्यांसाठी बनवलेली होती. म्हणून काहींमध्ये पुढे बिझनेस क्लासच्या रुंद खुर्च्या, आणि स्वस्त तिकीट काढून आलेला प्रवासी त्यांच्याकडे बघत मागे जायचा. एक विमान बंद पडून बदली दुसरं लावलं की आसनांचा नकाशा जुळत नाही, आणि मग काउंटरवरच्या मुलीची जी तारांबळ उडते ती मी पाहिली आहे. लवकर मिळण्याची ही किंमत असते, आणि माझ्या मते ती मोजण्यासारखी होती.

एकाच जातीची विमानं ठेवली की खूप गोष्टी सोप्या होतात. एकच सिम्युलेटर, एकच सुट्या भागांचं दुकान, आणि आजारी पडलेल्या वैमानिकाच्या जागी कुणीही. ए३२० आणि ए३२१ ला एकच परवाना चालतो, ७३७ चा वेगळा. पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्याचे धक्के भारताने तीनदा बघितलेत. फेब्रुवारी १९९० मध्ये बेंगळुरूला इंडियन एअरलाइन्सचं ए३२० पडलं, ९२ जण गेले, आणि सरकारने नवीकोरी सगळी ए३२० कित्येक महिने उभी करून ठेवली. मार्च २०१९ मध्ये मॅक्स थांबली आणि स्पाइसजेटची डझनभर विमानं अडीच वर्षं नुसती उन्हात तापली. आणि नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस एअरबसने जगभरातल्या सुमारे ६,००० ए३२० चं सॉफ्टवेअर तातडीने बदलायला सांगितलं, कारण तीव्र सौर किरणांमुळे उड्डाण-नियंत्रणाची माहिती बिघडू शकते असं एका घटनेतून दिसलं होतं. ती दुरुस्ती बहुतेक विमानांत काही तासांची होती, म्हणून शनिवार-रविवारात निभावलं. हार्डवेअर बदलायचं असतं तर देशाची निम्म्याहून जास्त विमानसेवा बसली असती. तरीही पन्नास विमानांच्या आतल्या कंपनीने एकच जात ठेवावी या मताचा मी आहे. दोन जातींचा खर्च तिला रोज चावतो, टोपली पडायचा दिवस क्वचित येतो. शंभरच्या पुढे गेलात की निदान इंजिनं तरी दोन प्रकारची ठेवा.

आकाराचं आता थोडक्यात. नियमाप्रमाणे दर ५० खुर्च्यांमागे एक केबिन क्रू लागतो. १८६ खुर्च्यांना चार, २०० ला चार, २०१ झाल्या की पाच. रायनएअरसाठी बनलेल्या ७३७-८-२०० मध्ये १९७ खुर्च्या का, तर याचमुळे. आकासानेही हेच विमान घेतलंय. मोठं विमान हवं असेल तर ए३२१ निओला तोड नाही. बोइंगच्या ७३७-१० ला २०२५ संपेपर्यंत प्रमाणपत्रही मिळालं नव्हतं. मुंबईसारख्या ठिकाणी हा मुद्दा सगळ्यांत वर जातो. तिथे दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. तासाला ४६ च्या आसपास उड्डाणं-उतरणं होतात, त्यापलीकडे स्लॉट, म्हणजे उडायची-उतरायची ठरलेली वेळ, मागायला गेलं की नकार. इंडिगोच्या ए३२० मध्ये १८६ खुर्च्या, ए३२१ मध्ये २३२. त्याच एका स्लॉटमध्ये ४६ माणसं जास्त. स्लॉट नाही मिळत ना, मग विमान लांब करा. नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटरची आहे, तिथे हे गणित हळूहळू सैल होईल.

धावपट्टीवरून आठवलं. इंडियन एअरलाइन्सने ऐंशीच्या दशकात घेतलेल्या ए३२० ना प्रत्येक मुख्य पायाला दोनऐवजी चार चाकं होती. आपल्याकडच्या कित्येक धावपट्ट्या तेव्हा कमजोर होत्या, वजन पसरवायला तो उपाय. देशाप्रमाणे विमान कापून घेणं म्हणजे काय, याचं एवढं बोलकं उदाहरण दुसरं नाही. आज धावपट्ट्या पक्क्या झाल्यात, पण पुण्याचं बघ: लोहगावची पट्टी हवाई दलाची, साधारण अडीच किलोमीटर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरला थोडी कमी उंची. मे महिन्यात दुपारी ४० अंशांत पूर्ण भरलेलं विमान लांबच्या पल्ल्याला काढायचं म्हटलं की तक्ता सांगतो, एवढे किलो कमी करा. म्हणून निवड करताना सरासरी दिवस घेऊन चालत नाही, पुण्यातली मे महिन्यातली दुपार आणि लेहची सकाळ घ्यावी लागते.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. छापील किमतीवर कुणी विमान घेत नाही. २०१८ च्या यादीत ए३२० निओ ११ कोटी डॉलरचं होतं, आणि मोठ्या ऑर्डरीला त्याच्या निम्म्यापर्यंत सूट हा धंद्यातला उघड विषय आहे. दुसरी गोष्ट, घेणारा ते ठेवतही नाही. डिलिव्हरीच्या दिवशीच भाडेपट्टी कंपनीला बाजारभावाने विकायचं आणि तिच्याकडूनच भाड्याने घ्यायचं. घाऊक सूट आणि बाजारभाव यांतला फरक खिशात. पण यामुळे निवडीत एक तिसरा माणूस शिरतो. भाडेपट्टीवाला विचारतो, तुम्ही बुडालात तर हे विमान मी उद्या दुसऱ्या कुणाला देऊ शकतो का? जे विमान, जे इंजिन जगात सगळ्यांत जास्त खपतं, त्याचं भाडं कमी पडतं. गो फर्स्ट थांबल्यावर भाडेपट्टीवाल्यांना आपली विमानं ताब्यात मिळायला एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश येईपर्यंत वाट बघावी लागली. त्यानंतर भारतीय कंपन्यांशी बोलताना त्यांचा सूर बदललेला मी स्वतः ऐकला. २०२५ मध्ये संसदेने विमानांवरच्या हक्कांचा कायदा केला तो यासाठीच.

आता कोल्हापूर. मुंबई-कोल्हापूर हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात. ए३२० जेमतेम वर चढून सरळ होतं तोवर उतरायची वेळ येते. जेट इंजिनाला खरा मार चढताना बसतो, त्यामुळे दोन तासांच्या उड्डाणात जेवढं झिजतं जवळजवळ तेवढंच इथे पाऊण तासात झिजणार, आणि तिकीट पाऊण तासाचं. १८६ माणसं रोज दोनदा भरायची तर भाव पाडावे लागणार. त्याउलट इंडिगोच्या छोट्या, प्रोपेलरवाल्या एटीआर ७२ मध्ये ७८ खुर्च्या. ८०, ८२ का नाहीत? कारण ८० पेक्षा कमी खुर्च्यांच्या विमानाला देशांतर्गत उड्डाणात लँडिंगचं भाडं माफ असतं. शिवाय ४० टनांपेक्षा हलक्या विमानाच्या इंधनावर विक्रीकर बराच कमी. मोठ्या विमानाला महाराष्ट्रात मुंबई-पुण्यासाठी तो २०२३ मध्ये २५ वरून १८ वर आला, तरी १८ च. त्यामुळे धावपट्टी कितीही वाढली तरी मुंबईच्या फेरीला असं छोटं विमानच परवडेल. कोल्हापुरात ए३२० बघायचं असेल तर मुंबईची नाही, दिल्लीची थेट सेवा माग. अंतर मोठं, गाठायला रेल्वेला दीड दिवस, आणि साखर, फाउंड्री, कापडवाल्यांची जा-ये आहेच. अर्ज करताना रोज किती माणसं दिल्लीला जातात तो आकडा सोबत जोड, व्यापाऱ्यांच्या चेंबरकडे मिळेल.